डाव्या तळहाताची राखण

मामंजींच्या हातातून लिंग पडलं ते फक्त मी पाहिलं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. उमरग्यात त्यांचं आडतीचं दुकान होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात ज्याचा देव, म्हणजे इष्टलिंग, त्याच्या गळ्यात असतो. चांदीच्या अंडाकृती डबीत ठेवायचा, तिला करडगी म्हणतात, आणि दोऱ्यानं छातीवर बांधायचा. सकाळी आंघोळ झाली की लिंग करडगीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि नजर न हलवता बघत राहायचं. पाणी, विभूती, बेल सगळं त्या तळहातावरच. पूजा झाली की देव परत गळ्यात. मातीत जाईपर्यंत तो अंगावेगळा करायचा नाही. आणि हातातून पडला तर? याचं उत्तर जुनी माणसं देत नसत, कानाला हात लावत. एखादी म्हातारी हळूच म्हणे, ज्याचं लिंग पडलं त्यानं मागं राहू नये.

तर ते पडलं. आवाज असा झालाच नाही. चटईवर घरंगळून बेलाच्या पानांपाशी थांबलं. मामंजींचा हात अजून समोरच होता, पण मनगटातून लोंबलेला, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या पुढ्यात आणून ठेवावा तसे ते त्याच्याकडं बघत होते. काहीतरी बोलले, पण तोंडात घास असल्यागत. ओठाची डावी कड खाली ओढली गेली होती. मी बेलाची पानं निवडत बाजूला बसले होते, ती उठायला गेले, तर त्यांनी उजव्या हातानं मला जागच्या जागी थांबवलं.

मग हात परत आला. आधी बोटं हलली, मग मनगट सरळ झालं. चुलीवर चहाला उकळी यावी एवढाच काय तो वेळ. त्यांनी लिंग उचललं, डोळ्यांना लावलं, करडगीत घातलं.

"अव्वा, कुणाला बोलायचं न्हाय," ते म्हणाले. जीभ आता साफ होती. "माझ्या लेकाला तर न्हायच न्हाय."

"पर मामंजी, हात..."

"आला की हात. हे बघ." मूठ उघडझाप करून दाखवली. "मामला मिटला."

मला मिटल्यासारखं वाटलं नाही. पण मी गप्प बसले, कारण त्या घरात मला जे काही होतं ते त्यांच्यामुळं होतं.

माझं माहेर गडहिंग्लजकडं. पाचवीत असताना आई गेली, घरात पाठची भावंडं, शाळा तिथंच संपली. पुढं लग्न होऊन इतक्या लांब आले की माहेरचं माणूस वर्षाकाठी एकदा दिसलं तर नशीब. इथली बोली मराठीच, पण तिच्यात फिकीर, सबूर, मामला असले शब्द, मधूनच कानडी. पहिले काही महिने मला कुणी हाक मारली तरी मी आधी शब्द मनात लावून बघे, मग ओ देई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. यजमान सज्जन, पण दिवसभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नाहीतर ट्रकवाल्यांच्या मागं.

मामंजी निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. आता मराठी राज्य आलं, सरकारी कागद मराठी, वर्तमानपत्र मराठी, आणि त्यांना मराठी अक्षर लावायला वेळ लागे. एक दिवस त्यांनी मला चुलीपुढून उठवून बाहेर बसवलं आणि पेपर हातात दिला. "वाच." मी अडखळत वाचलं. त्या दिवसापासून रोज दुपारी मी वाचायची, ते ऐकायचे. शेजारीपाजारी हसले. "सुनंला मास्तर केलं व्हय आप्पा?" तर म्हणाले, "मास्तर न्हाय, अव्वा केलंय." अव्वा म्हणजे कानडीत आई. ते मला तशीच हाक मारत. माझी अर्धी राहिलेली शाळा त्या घरात कामाला आली; नाहीतर ती कुठं जाऊन पडली असती कोण जाणे. त्यांचं हे ऋण मी आजही मानते. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझी भीतीही तेवढ्यापुरतीच होती: हे गेले तर या घरात मला कोण?

लिंग पडलं त्या दिवशी त्यांनी अन्नाचा कण घेतला नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पूजेनंतरच पाणी प्याले. हात शाबूत. त्यांनी मनाशी धरलं की प्रायश्चित्त पावलं. पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा करंगळीपासून मुंग्या येताच त्यांनी उजवा हात खाली लावून लिंग सावरलं, आणि पुन्हा कडक उपास. पुन्हा हात परत आला. मग तर खात्रीच झाली. आमच्या घराची चूक ती हीच. दुखणं आपोआप ओसरत होतं आणि श्रेय जात होतं उपासाला. जितक्या वेळा हात गेला तितके उपास वाढत गेले. लोक म्हणायला लागले, आप्पा आता फार धर्माला लागले. अंगावरचा सदरा सैल झाला, गालाची हाडं वर आली. सकाळी बेल निवडताना माझं लक्ष पानांवर नसे, त्या तळहातावर असे.

एके दिवशी भर दुपारी मी पेपर वाचत होते. उपासाचा दिवस. ऊन अंगणातून थेट आमच्या पायापर्यंत आलेलं.

"अव्वा," मामंजी मध्येच म्हणाले, "दार का लोटलंस?"

मी वर बघितलं. दार सताड उघडं होतं. त्यांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला, सगळं बघणं उजव्यावर. तो उजवा डोळा उघडा होता, माझ्याकडं वळलेला होता आणि मला बघत नव्हता.

"वरून पडदा आल्यागत झालंय," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तू वाच."

मी वाचलं नाही. पेपर टाकून अनवाणीच दुकानाकडं पळाले. यजमानांना घेऊन परत येईपर्यंत पडदा वर गेला होता, आणि मामंजी खांबाला टेकून पेपर उलटा धरून बसले होते, काही झालंच नाही असं दाखवायला.

डॉक्टर आले. बाजारपेठेत त्यांचा दवाखाना होता. तरुण माणूस, बोलायला तिरकस. मामंजी म्हणाले, उन्हानं झालं. यजमान म्हणाले, मोतीबिंदू असंल. मग मी दाराआडून बोलले. पुरुषांच्या पुढं आवाज काढायची माझी ती पहिलीच वेळ. हात कसा लोंबतो, ओठ कसा ओढला जातो, उपास कसे चाललेत, सगळं सांगितलं. फक्त लिंग पडलं ते सांगितलं नाही. मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मी नजर खाली घातली.

डॉक्टरांनी नळी काढली आणि ती छातीला न लावता मामंजींच्या गळ्याला लावली. यजमानांना राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, काळीज खाली असतंय."

"माहीत आहे. तुमचं मात्र वर सरकलेलं दिसतंय. जरा गप्प बसा."

बराच वेळ त्यांनी ऐकलं, मग नळी यजमानांच्या कानाला लावली. "काय ऐकू येतं?"

"सूं सूं वाजतंय. पाटात दगड आडवा पडल्यावर पाणी वाजतं तसं."

"दगडच पडलाय. उजव्या नसेत. ही नस उजव्या डोळ्याला रक्त देते आणि मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात त्या बाजूच्या ताब्यात."

"डाव्या हाताचं पाणी उजव्या पाटानं?" मामंजी म्हणाले. "ह्यो कुठला पाटकरी म्हणायचा?"

"ज्यानं तुम्हाला केलं तोच. आणि आप्पा, उपास आजपासून बंद, पाणी भरपूर प्यायचं. हात परत येतो म्हणजे बरं होतंय असं समजू नका. चोर रोज येऊन दार हलवून बघतोय. एक दिवस कडी निघेल." त्यांनी नळी गुंडाळून पिशवीत ठेवली. "नस किती बुजलीय ते मला बाहेरून कळणार नाही. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात गळ्यात सुईनं औषध सोडून नसांचा फोटो काढतात. तिथं जा."

"फोटू?" मामंजी हसले. "आयुष्यात कधी काढला न्हाय. आधी गळ्याच्या आतला, मग भिंतीवरचा, असाच बेत दिसतोय."



जायच्या आदल्या संध्याकाळी मी कपडे बांधत होते. ते दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आता बोलणार. "ते पडलं हे बोलली न्हाईस," एवढंच म्हणाले. मग जाता जाता, "तू संगं चल. पेपर कोण वाचणार तिथं?"

आम्ही एसटीनं गेलो. पूर्वी उमरगा आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. आता उमरगा सोडलं की थोड्याच वेळात म्हैसूर राज्य, त्याच्या पलीकडं आंध्र. "दवाखान्याला जायला तीन मुलूख," मामंजी म्हणाले, "इलाज तरी तेवढा मोठा असू दे." बाकी वाटभर ते डावा हात उजव्या हातात धरून बसले होते, लहान मूल मांडीवर घ्यावं तसा.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलत. त्यांनी काहीही लपवलं नाही. सुई थेट गळ्यातल्या नसेत जाईल, औषध सोडताना डोळ्यात, गालात आग होईल, तेव्हा हलायचं नाही. आणि ज्याची भीती आहे ते त्या सुईमुळं तिथल्या तिथंही होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणजे तो हात टेबलावरच जाऊ शकत होता, आणि मग परत न येणारा. फोटो काढला नाही तर चोराची वाट बघत बसायचं. मामंजींनी ऐकून घेतलं आणि उर्दूत सही केली.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. फोटोच्या खोलीबाहेर सिस्टरनं त्यांचा सदरा उतरवला आणि दोऱ्याला हात घातला. ती दक्षिणेकडची होती, तोडकंमोडकं हिंदी बोले.

"गले में कुछ नहीं रहना, बाबा."

"ये नै निकलता, अम्मा."

डॉक्टर आले, समजावलं. चांदी फोटोत उठते, आडवं झाल्यावर डबी गळ्याकडं सरकली तर नेमकी नस तिच्याखाली झाकली जाईल. मामंजींनी सगळं ऐकलं, सदरा उचलला आणि अंगात घालायला लागले. "चला. परतीची एसटी बघ," ते यजमानांना म्हणाले.

"आप्पा, एवढ्या लांब येऊन? जीव मोठा का..." यजमानांनी वाक्य पुरं केलं नाही. बापाची नजरच तशी होती.

मी त्यांचं उपरणं हातात घेऊन उभी होते. मी म्हणाले, "मामंजी, पूजेला तर ते गळ्यात नसतंच. हातात असतं."

ते थांबले. सदऱ्याची एक बाही अंगात, एक बाहेर.

"हातात," ते म्हणाले. "डाव्या."

उजव्यात घ्यायची रीत नाही, आणि डावा म्हणजे नेमका तोच हात. जो कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि इथं तर जायची भीती सगळ्यात जास्त. माझं बोलणं माझ्याच अंगावर आलं. डॉक्टर म्हणाले, हात गळ्यापासून लांब राहील, फोटोला अडचण नाही. पण मामंजी तळहाताकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्या खोलीत फक्त मला समजत होतं.

"पडलं तर?" त्यांनी मला विचारलं. दुसऱ्या कुणाला नाही.

सिस्टरला शब्द कळले नसतील, पण प्रश्न कळला. तिनं ट्रेमधून पट्टीची गुंडाळी उचलली. मामंजींनी करडगी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, मूठ मिटली. तिनं त्या मुठीवर पट्टी गुंडाळली. अंगठ्याभोवती एक वेढा, बोटांवरून आडवे, मग मनगटाला, आणि गाठ वरच्या बाजूला, टोचणार नाही अशी.

"अब कैसे गिरेगा?" ती म्हणाली.

रिकामी करडगी मामंजींनी माझ्या हातात दिली. ती त्यांच्या अंगाची ऊब धरून होती. दार लागलं.

बाहेरच्या बाकावर मी ती डबी घट्ट धरून बसले. आतून काही कळत नव्हतं. एकदा डॉक्टरांचा आवाज आला, "हिलना नहीं." मग फोटोच्या पाट्या सरकवल्याचे खडखड आवाज, एकामागून एक, घाईघाईनं, आणि मामंजींचा एक लांब हुंकार, दात आवळून काढलेला. मग काही नाही. माझ्या मुठीतली करडगी हळूहळू गार झाली. ती गार झाली याचंच मला भय वाटायला लागलं. मी ती छातीशी धरली, माझ्या स्वतःच्या गळ्यातल्या लिंगाजवळ, आणि परत ऊब येते का बघत बसले.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर मामंजींच्या मानेवर बोटं दाबून उभे होते. रक्त थांबायला तसं बराच वेळ दाबून धरावं लागतं. मामंजींचे डोळे मिटलेले. डावा हात अंगाशेजारी, पांढऱ्या पट्टीत. तो मिटलेला आहे का गेलेला, बघून काहीच कळेना. ज्या पट्टीनं लिंग सांभाळलं तिनंच हात झाकला होता.

"हाथ उठाओ, बाबा," डॉक्टर म्हणाले.

हात उठला. डॉक्टरांनी त्यावर आपला तळवा ठेवला. पट्टीतल्या मुठीनं तो लोटला. "जोर हाय," यजमान म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पण मला वाटत होतं, हा जोर खांद्याचा. बोटांचं काय? बोटं धरून आहेत का पट्टी धरून आहे?

वॉर्डात आणल्यावर, मानेवर सूज नाही याची खात्री झाली तेव्हा सिस्टरनं मला पट्टी सोडायला सांगितलं. एक एक वेढा उलगडला. शेवटचा वेढा गळून पडला आणि मूठ मिटलेलीच राहिली. मग मामंजींनीच ती उघडली. तळहातावर लिंगाचा गोल ठसा उठला होता, लाल.

"पडलं न्हाय," ते म्हणाले. गळा दुखत असल्यानं आवाज निघत नव्हता, पण हसले.

मी सिस्टरच्या पाया पडायला वाकले. तिनं दंडाला धरून उठवलं, आणि तीच पट्टी माझ्या हातावर गुंडाळून गाठ कशी मारायची ते परत दाखवलं. का दाखवलं ते मी विचारलं नाही. पट्टी तिनं मला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. पानं झडलेल्या झाडासारखं दिसत होतं. मानेतून एक खोड वर येतं आणि त्याला दोन फांद्या फुटतात. फांद्या फुटतात तिथं, एका फांदीच्या बुडाशी, झाड तुटल्यासारखंच होतं. नीट बघितलं तर केसाएवढी एक रेघ. मामंजींचं बोलणं, बघणं, पूजा, सगळं त्या रेघेतून चाललं होतं.

"इथं ऑपरेशन होत नाही," डॉक्टर म्हणाले. "जिथं होतं तिथंही या वयात मी सांगणार नाही. रक्त गोठू नये म्हणून गोळ्या देतो. त्यावर वर्ष निघेल, दोन निघतील. उद्याचंही सांगता येत नाही."

मामंजींनी फोटो हातात घेतला, उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघितला. "तरीच," ते म्हणाले, "उपास कुठं पोचणार हितं."

उमरग्याच्या डॉक्टरांना दाखवायला एक फोटो बरोबर दिला. मामंजींचा दुसरा फोटो कधी निघाला नाही. भिंतीवर लावण्यासारखा तो नव्हता. पेटीच्या तळाशी राहिला.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी ते पूजेला बसले आणि मला म्हणाले, "अव्वा, बेल राहू दे. हितं पुढ्यात बस. हात धर खाली."

मी त्यांच्या डाव्या तळहाताखाली माझे दोन्ही हात ओंजळीसारखे धरले, न शिवता, बोटभर अंतरानं. नात्यातले लोक बोलले. सुनेनं पूजेत हात घालायचा म्हणजे काय? मामंजी म्हणाले, "तिचा हात न्हाय तो. माझाच खालचा हात हाय." रोज सकाळी मी तशी बसायची. ते लिंगाकडं बघत, मी त्यांच्या बोटांकडं. करंगळी जरा हलली तरी माझी ओंजळ आपोआप वर जायची. गोळ्यांनी, पाण्यानं दिवस बरे गेले. हुरडा आला आणि गेला. मी पेपर वाचत राहिले. पण त्या तळहाताखाली बसून मला कधीही सुटल्यासारखं वाटलं नाही. फोटोतली ती रेघ मी पाहिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात, पूजा संपत आलेली असताना, लिंग माझ्या ओंजळीत आलं. अगदी हलकेच, कुणी द्यावं तसं. त्यांचा हात त्याच्यामागून खाली आला आणि माझ्या मनगटावर टेकला. ओठ ओढला गेला. मी हलले नाही. दर वेळी हात परत आला होता, म्हणून मी वाट बघत बसले. चहाला उकळी येईल एवढा वेळ गेला, मग आणखी तेवढा. मामंजी माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना कळलं होतं. बोलता येत नव्हतं. उजव्या हातानं त्यांनी माझी ओंजळ मिटली.

ते त्याच आठवड्यात गेले.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, आणि लिंग गळ्यातून काढून डाव्या तळहातावर देतात, रोज पूजेला असायचं तसं. मातीकडं नेण्याआधी अंगणात जंगमस्वामींनी, आमच्या गुरूंनी, मंत्र म्हटला, लिंग हातावर ठेवलं, पण बोटं मिटेनात. ठेवलं की घसरत होतं. बाया कुजबुजायला लागल्या. यजमानांनी बोटं धरून मिटवून बघितली. सोडली की उघडत.

मी घरात गेले आणि पेटीतून ती पट्टी आणली. कुणाला विचारलं नाही. लिंग तळहातावर ठेवलं, बोटं मिटवली. अंगठ्याभोवती एक वेढा, बोटांवरून आडवे, मग मनगटाला. स्वामी बघत होते. त्यांनी अडवलं नाही, विभूतीचं बोट त्या पट्टीवर ओढलं. गाठ मी वरच्या बाजूला मारली, टोचणार नाही अशी.